वेगळं बिऱ्हाड

आमच्या घरात भांडण झालेलं मी कधी ऐकलं नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. भिवंडीतल्या आमच्या घराच्या पाठभिंतीला लागून यंत्रमागांची, म्हणजे लूमची, शेड होती. तिचा खटखटाट भिंतीतून आत शिरायचा, मांडणीवरची ताटं एकमेकांवर थरथरत राहायची, आणि आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की पाहुणे कानांवर हात ठेवायला लागले की आम्हाला नवल वाटायचं. शुक्रवारी लूम बंद असत. त्या दिवशी आळीत असं काही शांत व्हायचं की शेजारच्या घरांतला सगळा कलह ऐकू यायचा. कुणाचा नवरा कुणाला काय म्हणाला, कुणाच्या सासूनं पातेलं आपटलं, सगळं. आमच्या घरातून मात्र काही बाहेर जात नसे. लोक म्हणत, एकत्र कुटुंब असावं तर यांच्यासारखं. खरी गोष्ट अशी होती की आमच्याकडे न बोलणं ही शिक्षा होती, आणि ती माझ्या आईला झालेली होती.

घरात आम्ही आठ माणसं. बाबांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे दादाकाका, मोठी काकू, त्यांची रंजना आणि सुधीर ही दोन मुलं; आणि आई, बाबा, मी, माझ्याहून तीन वर्षांनी धाकटा अवि. बाबा एका सरकारी कचेरीत कारकून होते. महिन्याच्या पहिल्या तारखेला ते घरी आले की चप्पल काढायच्या आधी पगाराचं पाकीट दादाकाकांच्या हातात देत. न उघडता. या न उघडण्याचा त्यांना फार अभिमान होता. दादाकाका स्वतः कुठे नोकरी करत नव्हते. बाबांच्या पगाराच्या भरवशावर त्यांनी चार जुने लूम घेतले होते आणि त्यांचं सगळं आयुष्य त्या चार लूमच्या दुखण्याखुपण्यात जात होतं. एक बरा झाला की दुसरा आजारी. घरात एखादी वस्तू हवी असली की आई काकूला सांगे, काकू दादाकाकांना सांगे, दादाकाका म्हणत, ‘बघू.’ पगार मिळवणारा माणूस तिथेच पेपर वाचत बसलेला असे.

जेवणाचा क्रम ठरलेला होता. आधी दादाकाका आणि बाबा, मग सुधीर, मग आम्ही मुलं, शेवटी बायका. काकूचं वालाचं बिरडं फार सुंदर असायचं, हे मान्य करायला हवं. वाल आई सोलायची. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून एकेक डाळिंबी अलगद सोडवायची, दुपारभर. फोडणी काकू घालायची आणि बिरडं काकूचं म्हणून वाढलं जायचं. दुधावरची साय सुधीरच्या वाटीत जाई. मला ती साय अजून दिसते. साठी उलटलेल्या बाईनं सायीबद्दल मनात राग ठेवावा हे हास्यास्पद आहे, पण ठेवलाय.

अविला फळ्यावरचं दिसेनासं झालं तेव्हा तो पहिलीत होता. बाईंनी चिठ्ठी पाठवली की मुलाला चष्मा लागलाय, डोळे तपासून घ्या. आईनं चिठ्ठी काकूला दिली, काकूनं दादाकाकांना. दादाकाका म्हणाले, ‘पुढच्या महिन्यात बघू. लूमची मोटर जळालीय.’ पुढच्या महिन्यात आणखी काही जळालं. तिसऱ्या महिन्यात अवि शाळेच्या पायऱ्यांवरून पडला आणि हनुवटीला टाके घालून घरी आला. त्या संध्याकाळी पुरुष जेवायला बसले होते. आई वाढत होती. बिरड्याचं पातेलं हातात धरून ती बाबांसमोर थांबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आपण वेगळं बिऱ्हाड करू या. तुमच्या पगारात आपल्या चौघांचं भागेल.”

कुणी आवाज चढवला नाही. दादाकाकांनी ताटातच हात धुतला आणि ते उठून ओट्यावर जाऊन बसले. काकू म्हणाली, “कुसुम, यांच्या ताटात भात नाही.” आईनं भात वाढला. बाबांनी खाली मान घालून तो संपवला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आईशी बोलणं बंद केलं. मला वाटलं, दोन दिवस. ते दोन वर्षं चाललं.

त्या दोन वर्षांत मी निरोप्या होते. “शैला, तुझ्या आईला सांग, शर्टाचं बटण तुटलंय.” आई चार हातांवर उभी असायची. “शैला, तुझ्या बाबांना सांग, बटण लावून ठेवलंय.” चार हातांचं अंतर मी चालत जायचे आणि चालत यायचे. हळूहळू मी निरोप बदलायला शिकले. बाबा म्हणत, “तिला सांग, हे असलं गुरांपुढे टाक.” मी आईला सांगायचे, “भाजी जरा खारट झालीय.” आई म्हणे, “त्यांना सांग, वहिनींनी केलीय, त्यांना विचारा.” मी बाबांना सांगायचे, “आई म्हणते, उद्या नीट करते.” दोघांनाही मूळ वाक्य ऐकू आलेलं असायचं. तरी माझं वाक्य दोघं खरं धरत, कारण त्यानं सोय होत होती. मी दहा वर्षांची होते आणि मला वाटत होतं की हे घर माझ्यामुळे चाललंय.

म्हणून पुढचं झालं. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका सकाळी आईनं एक पत्र्याची पेटी भरली. बाबा आरशासमोर केस विंचरत होते. आई मला म्हणाली, “तुझ्या बाबांना सांग, मी जातेय. मुलांना घेऊन जातेय. परत येणार नाही. त्यांना वेगळं राहायचं असेल त्या दिवशी त्यांनी यावं.” त्या दिवशी बाजूच्या शेडमध्ये लूम जोरात चालू होते. बाबांना आईचे शब्द ऐकू गेले की नाही, मला कधीच कळलं नाही. मी त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, “आई मामाकडे जातेय. दोन दिवसांनी येईल.” बाबा म्हणाले, “हं.” पुढे घटस्फोटासाठी त्यांच्या वकिलानं कोर्टात दिलेल्या अर्जात पहिलंच वाक्य होतं की पत्नी काहीही न सांगता घर सोडून गेली. बाबा खोटं बोलले असं आई मरेपर्यंत म्हणत राहिली. त्यांच्यापुरतं ते खरं होतं. हे मी आईला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितेय.

आई मामाकडे गेलीच नाही. मामानं आधीच कळवलं होतं की चार दिवस ये, मग मी स्वतः येऊन समेट घडवतो. समेट म्हणजे काय, ते आईला ठाऊक होतं. ती आम्हाला घेऊन भिवंडीलगतच्या शेलारला गेली. आमच्या मागच्या दारी पावसाळ्यात रानभाज्या विकायला येणारी जानकी म्हणून एक आदिवासी बाई होती. ती आता शेलारला लूमच्या कारखान्यात झाडलोटीला लागली होती. तिनं आईला कारखान्यामागच्या चाळीत एक खोली बघून दिली आणि कांडी भरायचं कामही लावून दिलं. लूमवर धागा इकडून तिकडे नेतो त्या धोट्यात बसते ती लहानशी लाकडी नळी म्हणजे कांडी. मशीनवर तिला सूत गुंडाळायचं, भरली की काढायची, रिकामी लावायची, धागा तुटला की गाठ मारायची, आणि हे बारा तास. पहिल्या आठवड्यात आईची बोटं सुतानं कापली. तिनं त्यावर हळद लावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली.

जानकी संध्याकाळी आमच्या दारात बसून तंबाखू मळायची. आईची केस कोर्टात आहे याचं तिला फार नवल. “माजा पयला नवरा मारायचा,” ती म्हणाली. “पंच बसवलं, सोडला. एका दिसात. तुमचा कोर्ट वरीसभर काय करतं, बाय?”

“कागद करतं,” आई म्हणाली.

“कागदानं पोट भरतं का?”

“नाही भरत.”

“मंग पोटाचं आदी बघ. काम हाय. लाज न्हाय त्यात.”

आईला लाज नव्हती. लाज मला होती. आमच्या नात्यात सगळे कारकून, मास्तर, फार तर एखादा वकील. कुणाची बायको कारखान्यात जाते हे सांगायलाच शब्द नव्हते. काकूनं तो शब्द शोधला होता, आळीत सगळीकडे ती सांगत फिरे, “आमची कुसुम आता कांडीवाली झालीय हो.” मला शाळेत जाता-येता हे ऐकू यायचं, आणि राग काकूचा न येता आईचा यायचा. घरी आई केसांत पांढरं तूस घेऊन यायची. तिला सुताचा आणि मशीनच्या तेलाचा वास यायचा. खोलीत पंखा नव्हता. चुलीसारखा तापणारा पत्रा होता. शाळा सुटली की मी रॉकेलच्या रांगेत उभी राहायचे आणि माझ्या वह्यांना रॉकेलचा वास लागायचा. रोज तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी, नाहीतर नुसतं कालवण. अविला मात्र आईनं पहिल्या पगारात चष्मा केला. तो चष्मा लावून अवि खुळ्यासारखा हसत सुटला होता, “ताई, झाडाला पानं वेगवेगळी असतात!” त्याला गरिबी दिसलीच नाही. तो पानंच बघत होता. मला सगळं दिसत होतं, चष्म्याशिवाय.

निकालाआधी ठाण्याच्या कोर्टात एक दिवस न्यायाधीशांनी आम्हा मुलांना त्यांच्या खोलीत बोलावलं. मी बारा वर्षांची होते. म्हातारे, सौम्य गृहस्थ होते. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, डोक्यावर पंखा लावला. “तुला कुणाजवळ राहावंसं वाटतं, बाळ? घाबरायचं नाही. जे मनात असेल ते सांग.” अविला आधी विचारलं होतं, तो एका शब्दात म्हणाला होता, “आई.” मी पंख्याकडे बघितलं. खरंच बघितलं. आमच्या जुन्या घरात टीव्ही आला होता हे मला रंजनाकडून कळलं होतं. मोठ्या माणसांना वाटतं की मुलं प्रेमानं निवडतात. मी पंखा निवडला, संडासाला रांग नसलेलं घर निवडलं, ‘वडील काय करतात’ या प्रश्नाचं सरळ उत्तर निवडलं. मी म्हणाले, “बाबा.”

बाहेर बाकावर आई बसली होती. तिला आधीच कळलं होतं, कसं ते माहीत नाही. बाबा जिन्याशी दादाकाकांबरोबर उभे होते. आई उठली, माझ्या फ्रॉकचा पाठीवरचा बंद सुटला होता तो तिनं करकचून बांधला आणि माझ्या कानाशी म्हणाली, “तुला विचारलं आणि तू सांगितलंस. मला कुणी असं खुर्चीवर बसवून विचारलं नव्हतं.” मग तिनं अविचा हात धरला आणि ती निघून गेली. तिच्या आवाजात रडू नव्हतं. असूया होती. आईला मुलीची असूया वाटू शकते हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि मला तिचा संताप आला, की निदान रडायचं तरी.

जुन्या घरात माझं स्वागत झालं. काकूनं शिरा केला. दादाकाका चारचौघांत म्हणाले, “आमची पोर परत आली.” पंधरा दिवस मी टीव्ही पाहिला. सोळाव्या दिवशी काकूनं माझ्यासमोर वालाची परात ठेवली. मला वाटलं, मदत करायची आहे. हळूहळू ध्यानात आलं की घरात एक जागा रिकामी झालेली होती, आणि ती कुणीतरी भरणं भागच होतं. बाबांचे कपडे, बाबांचा डबा, दुपारची भांडी, पाणी भरणं, शेवटच्या पंगतीत बसणं. रंजना माझ्याच वयाची, ती शिकवणीला जायची. मी काही सासुरवास सोसला असं म्हणणार नाही. मला कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. पंखा होता. पण आई गेल्यावर त्या घराचं बजेट बिघडलं नाही ते का, हे मला त्या तीन-चार वर्षांत कळलं. नवराबायको वेगळे झाले की दोन्हीकडे ओढाताण होते असं म्हणतात. आमच्याकडे ती एकाच बाजूला झाली. बाबांचा पगार दादाकाकांकडे राहिला, आईचे हात गेले, त्यांच्या जागी माझे आले.

दहावीला मी पहिल्या वर्गात पास झाले. सुधीर नापास झाला होता, त्यामुळे घरात पेढे आले नाहीत. मला कॉलेजात जायचं होतं. दादाकाका म्हणाले, “मुलीच्या जातीला इतकं बास. शिवाय आईबाप असे वेगळे झालेले, स्थळं येणार कशी? वय वाढायच्या आत उजवून टाकू.” मी बाबांकडे गेले. ते मागच्या खोलीत चहा पीत होते. मी म्हणाले, “बाबा, मला पुढे शिकायचंय.”

“दादाला विचार.”

“विचारलं. ते नाही म्हणाले.”

“मग झालं तर.”

“पगार तुमचा आहे ना?”

बाबांनी कप खाली ठेवला. ते चिडले नव्हते. घाबरले होते, आणि ते मला चिडण्यापेक्षा वाईट वाटलं. मी म्हणाले, “आपण दोघं वेगळं राहू. एक खोली घेऊ. मी स्वयंपाक करीन, कॉलेजही करीन.” हे शब्द मी आईकडून उचलले नव्हते. त्या क्षणी मला ते माझेच वाटले. बाबा उठले, शर्ट घातला, बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांचा डबा घेऊन समोर उभी होते आणि ते माझ्या खांद्यावरून बघत म्हणाले, “रंजना, शैलाला सांग, डब्यात लोणचं नको.”

मी अकरा दिवस राहिले. रंजना निरोप बदलत नव्हती, जसाच्या तसा सांगायची, आणि तिला त्यात मजा वाटत होती. बाराव्या दिवशी मी दप्तरात दोन कपडे आणि गुणपत्रिका घातली आणि निघाले. निरोप कुणाकडेही ठेवला नाही.

बाबांचं पुढे काय झालं ते इथंच सांगून टाकते, म्हणजे पुन्हा त्यांच्याकडे वळायला नको. काही वर्षांनी लूम भंगारात गेले. घर दादाकाकांच्या नावावर होतं आणि त्यांच्यानंतर सुधीरच्या. निवृत्त झाल्यावर बाबांना मागची खोली मिळाली, तीही उपकार म्हणून. मी नोकरीला लागल्यावर महिन्यातून एकदा फळं घेऊन जायचे. ते समोरच्या भिंतीकडे बघत बसायचे आणि एखादं पोर तिथं खेळत असलं तर त्याला म्हणायचे, “तिला सांग, केळी नकोत, खोकला होतो.” ते गेले तेव्हा मी सगळं रीतसर केलं. रडले नाही. आयुष्यभर आज्ञाधारक राहिलेल्या माणसाला लोक सज्जन म्हणतात. मी म्हणत नाही.

शेलारच्या खोलीचं दार उघडंच होतं. आई भाकऱ्या थापत होती. अवि अभ्यासाला बसला होता; तो एवढा उंच झाला होता की मी क्षणभर ओळखलंच नाही. खोलीत एक टेबलफॅन होता. मी उंबऱ्याशी उभी राहिले. मला वाटलं होतं ती उठेल. तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

“किती दिवसांसाठी?” तिनं विचारलं.

“कायमची.”

“त्यांनी हाकललं की तू निघालीस?”

“मी निघाले.”

“शिकायचंय?”

“हो.”

“मग सकाळची शिफ्ट कांडीवर करायची आणि कॉलेज दुपारचं घ्यायचं. इथं कुणाची मुलगी आहे म्हणून कुणी बसून जेवत नाही. अविपण सुट्टीत दापोड्याला गोडाऊनमध्ये जातो.” मग ती थोडी सरकली, म्हणजे मला बसायला जागा झाली.

चौथ्या दिवसापासून मी तिच्या शेजारच्या मशीनवर उभी होते. कारखान्यात बोलायचं म्हणजे कानात ओरडायचं. त्यामुळे बोलत नसलो तरी कुणाच्या लक्षात येत नव्हतं. माझी बोटं कापली, तिनं हळदीची पुडी पुढे केली, मी घेतली नाही. ती मला गाठ मारायला शिकवायची ती चुकीबद्दल चिमटा काढून. घरीही मी बोलेनाशी झाले. तिनं काही विचारलं की मी अविकडे बघून म्हणायचे, “सांग तिला, भूक नाही.” अवि बावळटासारखा दोघींकडे बघायचा. मी काय करतेय हे मला कळत नव्हतं असं नाही. मला ते फार चांगलं जमत होतं. रक्तातच होतं.

मशीनवरच्या पाचव्या की सहाव्या दिवशी, दुपारी शिफ्ट संपायला तासभर असेल, आईनं माझं मशीन हातानं थांबवलं. “माझ्याशी बोलायचं नसेल तर आत्ता निघ,” ती माझ्या कानाशी ओरडली. “न बोलणाऱ्या माणसाजवळ मी दोन वर्षं काढलीत. तिसरं काढणार नाही.”

मग मी बोलले. चार वर्षांचं एकदम आलं. लूमच्या आवाजात माझं मलाच ऐकू येत नव्हतं म्हणून मी गळा फाडून ओरडत होते. तुझ्यामुळे माझी लाज गेली. तुझ्या अंगाला वास यायचा. एका चष्म्यासाठी घर मोडलंस. मला रॉकेलच्या रांगेत उभं केलंस. मी पंखा बघून बाबा म्हटलं, कारण मला तू नको होतीस. आणि याच वाक्याच्या मध्यावर वीज गेली. पन्नास लूम एका दमात थांबले आणि “मला तू नको होतीस” हे एवढ्या मोठ्या शेडमध्ये स्वच्छ ऐकू गेलं. कारागीर होते तिथे उभे राहिले. जानकीच्या हातातला झाडू थांबला. यूपीचा एक म्हातारा कारागीर अवघडून म्हणाला, “लाइट गयी, बहनजी,” जणू आम्हाला ते कळलंच नव्हतं, आणि बाकीच्यांना हातानं खुणावत बाहेर घेऊन गेला. जानकी तेवढी गेली नाही. ती तिथेच पोत्यावर बसली.

आई स्टुलावर टेकली. पदरानं तिनं मान पुसली. आता ओरडायची गरज नव्हती, ती साध्या आवाजात बोलली. “कोर्टात तू बाबा म्हणालीस ना, तेव्हा पहिल्यांदा मला काय वाटलं सांगू? बरं झालं, एक तोंड कमी झालं.”

मी मशीनवरची अर्धी भरलेली कांडी उगाच काढून हातात घेतली.

“वाईट नंतर वाटलं,” ती म्हणाली. “बसस्टॉपवर आल्यावर. आधी हिशेब झाला. दोघांचं भागेल, तिघांचं नाही, असा. आईला असं वाटू नये. मला वाटलं. तुझ्यावर राग होता आणि आहे. तूही माझ्यावर धर. पण तोंडावर बोलून धर.”

जानकी पोत्यावरून म्हणाली, “बोल की गं पोरी. आई बोलली तुजी.”

इतका वाईट शब्द मला त्या दिवसापर्यंत कुणी ऐकवला नव्हता, आणि तरी मला अपमान झाल्यासारखं वाटत नव्हतं. त्यात गोड केलेलं काही नव्हतं, कुणाच्या तोंडून फिरवून आलेलं नव्हतं. मी फक्त म्हणाले, “हळद दे.” तिनं कनवटीची पुडी सोडली, माझी बोटं ओढून घेतली आणि चोळली. झोंबलं. मी हात मागे घेतला, तिनं पुन्हा ओढला.

त्यानंतर आम्ही प्रेमानं राहिलो असं कुणी समजू नये. मी कॉलेज केलं, डी.एड. केलं, शाळेत लागले, आणि या सगळ्या वर्षांत आमचं दर दोन दिवसांआड कडाक्याचं भांडण होई. शुक्रवारी तर अख्खी चाळ ऐके. अविचं लग्न झालं तेव्हा त्याच्या बायकोनं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, “ताई, तुमचं आणि सासूबाईंचं काय बिनसलंय?” मी सांगितलं, काही नाही, आम्ही बोलतोय.

त्या दुपारी आई आणखी काहीतरी म्हणायला लागली आणि वीज आली. लूम एकामागोमाग एक सुरू झाले, कारागीर तंबाखू थुंकत आत आले, मशीन फिरायला लागलं आणि तिचे ओठ नुसते हलताना दिसले. मी मशीन बंद केलं, तिच्याजवळ गेले आणि ओरडून विचारलं, “काय म्हणालीस?”

“उद्यापासून भाताला वाटीभर तांदूळ जास्त घाल,” ती ओरडली. “आणि सूत बघ, तुटलंय.”